टिकलीवर काटा

पाथर्डी, ३० ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार घ्या. घ्यायचा नसेल तर बाजूला ठेवा, पण खालचं वाचा. फोन केला की तुम्ही चांगुणा वन्संना सांगता, "मला ऐकू येत न्हाई." कीर्तनात अगदी मागे बसूनही तुम्हाला सगळं ऐकू येतं, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच कट करता येत नाही आणि तुमचा चष्मा अजून चांगला आहे.

गणपतीला तुम्ही घरी आला नाहीत. असं पहिल्यांदाच झालं. मी आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही तरी जा कर्जतला लेकीकडे, मामा तिथंच आहेत. त्या म्हणाल्या, "त्ये रुसून गेल्यात, म्या न्हाई. माजी शेळी कोन बघंल?" तेव्हा तुमची बायको तुमच्या बाजूची आहे, या भ्रमात राहू नका. आरतीच्या वेळी मात्र तुमच्या पाटावर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही.

काल वन्संचा फोन आला. तुम्ही जीप भंगारवाल्याला देऊन टाकली म्हणे. पितृपक्षात व्यवहार नको, म्हणून तो घटस्थापनेच्या दिवशी न्यायला येणार. गाडी तुमच्या नावावर आहे, कागद तुमच्या पिशवीत आहेत, तुम्ही ती विका नाहीतर विहिरीत ढकला, मला विचारायचं कारण नाही. पण मग मीही तुम्हाला विचारत नाही. उद्यापासून मी इंजिन खोलते आहे. तुमच्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "मला फॅक्टरीत काम आहे." मी त्याला मदतीला बोलावलंच नव्हतं.

फेब्रुवारीत नात्यातल्या मोनिकाच्या साखरपुड्याला जाताना करंजी घाटात गाडीने वाफ सोडली आणि नऊ माणसं उन्हात रस्त्यावर उभी राहिली, तेव्हापासून सगळं गाव एकच वाक्य बोलतं आहे: बाईने इंजिन खोललं, म्हणून गेलं. किराणा दुकानात बोलतात, गिरणीत बोलतात. गाडी भंगारात गेली की ते वाक्य कायमचं माझ्या कपाळी बसेल. ते मी बसू देणार नाही. मला ती जीप चालू करायची आहे, आणि घटस्थापनेच्या आधी करायची आहे.

हे पत्र वन्संही वाचणार, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंजिनावर एक जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते दहा बोल्टांनी आवळलेलं असतं आणि खाली वाफ-पाणी आतच ठेवणारं पातळ गॅस्केट असतं. बोल्ट कमी आवळले तर गॅस्केट फुटतं. जास्त आवळले तर बोल्टच ताणून लांबतात, पकड सोडतात आणि गॅस्केट तरीही फुटतं. म्हणून त्यासाठी वेगळा पाना असतो, टॉर्क पाना. त्यावर आकडा लावायचा आणि ओढायचं. तेवढा जोर झाला की तो 'टक्' म्हणतो. तिथं थांबायचं. सुप्याच्या एमआयडीसीत मी तीन वर्षं हेच केलं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत शालूच्या खाली तो पाना होता. तुम्ही बघून हसला होतात. "सूनबाई, आमच्या मनगटातच टक् वाजतंय," म्हणाला होतात.

गेल्या नोव्हेंबरात हेड बसवताना दहाही बोल्ट मी त्या पान्याने आवळले. तुम्ही शेजारी बसून बिडी ओढत होतात. मग मी हात धुवायला आत गेले. मला वाटतं तेवढ्यात तुम्ही सवयीने एकेक हिसका दिलात. घाटात सगळ्यांसमोर मी हेच बोलले. तुम्ही म्हणालात, "म्या हात लावला न्हाई." मी म्हणाले, "खोटं बोलू नका." त्याच दिवशी तुम्ही वन्संच्या टेम्पोत बसून कर्जतला गेलात, ते गेलातच.

मी बोलले ते मागे घेत नाही. कळावे.

धनश्री

पाथर्डी, ६ सप्टेंबर

मामा,

हेड उतरवलं. गोठ्यात पोतं अंथरून त्यावर ठेवलंय. आत्याबाईंनी शेळीला बाहेर बांधलं आणि स्वतः आत येऊन बसल्या, राखण करायला. शेळीपासून हेडची की माझ्यापासून हेडची, ते विचारलं नाही.

गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधोमध फुटलंय. हेड किंचित वाकलंय, ते लेथवाल्याकडे घासायला दिलं. त्याने विचारलं, "गोरक्षनाथमामा कुठं हायेत? त्येंना पाठवा, मापं त्येंच्याशी बोलतो." मी म्हटलं, मापं माझ्याकडे आहेत, बोला. त्याने चहा मागवला, मग बोलला. चहा गोड होता.

बोल्टही काढले. नवा बोल्ट शेजारी उभा धरून एकेक मोजते आहे. सहा मोजले. सहाही लांबलेत. उरलेले चार उद्या मोजीन.

म्हणजे जास्त आवळले गेले, हे तर सिद्ध झालं. मी आकडा बरोबर लावला होता, एकशे दहा. ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे, खाली तारीख आहे. वही खोटं बोलत नाही. आता तुम्हीच सांगा, जास्तीचा जोर कुठून आला असेल?

वन्संनी फोनवर सांगितलं की पहिलं पत्र तुम्ही वाचून घडी घालून टोपीत ठेवलंत. टोपीत ठेवा, बंडीत ठेवा, मी लिहीत राहणार.

गणपती आज गेले. विसर्जनाला विहिरीवर तुमचं पोरगं गेलं होतं. मोरया म्हणताना त्याचा आवाज निघत नव्हता. तुमचा निघतो.

धनश्री

पाथर्डी, १० सप्टेंबर

मामा,

उरलेले चार बोल्टही मोजले. दहाही लांबलेत, आणि सारखेच लांबलेत.

याचा अर्थ तुम्हाला मला सांगावा लागणार नाही, पण मला लिहावा लागेल. हाताने हिसका देणारा माणूस दहाही बोल्टांना सारखा हिसका देत नाही. पुढचे चार जवळचे असतात, त्यांना जास्त बसतो, मागच्यांना वाकून कमी. सारखं फक्त पान्याने होतं. म्हणजे दहाही बोल्ट एकाच पान्याने आणि एकाच हाताने आवळले गेले होते, आणि तो हात माझा होता.

मग मी पाना तपासला. वाइसच्या जबड्यात पान्याचं तोंड पकडलं, दांडा आडवा ठेवला आणि मुठीजवळ, बरोबर अर्ध्या मीटरवर, गिरणीतून मोजून आणलेली दहा किलो बाजरी पिशवीत टांगली. अर्ध्या मीटरवर दहा किलो म्हणजे जवळजवळ पन्नास न्यूटन-मीटर. पान्यावर पन्नास लावले होते. टक् व्हायला हवं होतं. झालं नाही. आत्याबाईंना म्हटलं, ओंजळीने टाका वरून. त्या टाकत गेल्या. अकरा झाले, बारा झाले. चौदा किलोला पाना टक् म्हणाला. तीनदा केलं, तीनदा तेच. आत्याबाई म्हणाल्या, "ह्यो तर तुज्यावानी हाय. लई उशिरा बोलतो."

पाना बिघडलाय, मामा. पन्नास लावले तर सत्तर घेतो. एकशे दहा लावले तेव्हा दीडशेच्या वर गेला असणार. बोल्ट लांबले ते त्यानेच.

तेव्हा तुम्ही हिसका दिला नव्हता. तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला नऊ माणसांत खोटं ठरवलं. हे मी मागे घेते. अर्धं नाही, सगळं.

पण पाना का बिघडला, तेही ऐका. कंपनीत हाच पाना वर्षानुवर्षं बरोबर चालला. बिघडला तो आपल्या घरी. गेल्या खंडेनवमीला तुम्ही हत्यारं परातीत डिझेल ओतून धुतलीत, तेव्हा त्यात माझाही पाना बुडवलात. बाकीचे पाने म्हणजे नुसतं लोखंड, त्यांना डिझेलने काही होत नाही. याच्या पोटात स्प्रिंग आहे, बारीक गोट्या आहेत आणि त्यांना लावलेलं ग्रीस आहे. डिझेलने ते ग्रीस धुऊन नेलं. मग आतलं कोरडं कोरड्यावर घासतं आणि पाना वेळेवर बोलत नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात पुरणाच्या मागे होते, नाहीतर बुडवूच दिला नसता.

तर हिसका तुमचा नव्हता, पण धुणं तुमचं होतं. दोघांच्याही नावावर थोडं थोडं लिहा. भंगारवाल्याला मात्र थांबवा. गाडीची यात काहीच चूक नाही.

धनश्री

पाथर्डी, १६ सप्टेंबर

मामा,

वन्संनी तुमचा निरोप सांगितला. "तिला म्हनावं, बोल्टाच्या भोकात त्याल ऱ्हाऊ देऊ नगं." सात महिन्यांनी माणूस बोलला आणि बोल्टाच्या भोकाबद्दल बोलला. भंगारवाल्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे गाडी भंगारातच जाणार, पण नीट आवळून जाणार, असं का?

भोकं पुसली आहेत. तुमचा निरोप यायच्या आधीच पुसली होती, पण निरोप आल्यावर पुन्हा एकदा पुसली.

काल एसटीने नगरला जाऊन आले, नवा पाना घ्यायला. आत्याबाईंनी दारातच अडवलं. "पितरांच्या पंधरवड्यात लोखंड इकत आनायचं न्हाई." मी म्हटलं, तुमचे सासरे बैलगाडीच्या चाकाला धाव स्वतः चढवायचे ना? लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाला पाना आणल्याचा राग येणार नाही. त्या म्हणाल्या, "त्येंना न्हाई येनार, पर त्येंच्या पोराला यील." मग त्यांनीच मला भाकरी बांधून दिली.

पितृपक्ष असल्याने दुकानात चिटपाखरू नव्हतं. दुकानदाराने आधी माझ्या मागे बघितलं, पुरुष येतोय का म्हणून. कुणी आलं नाही. "काय पाहिजे ताई?" म्हटलं, टॉर्क पाना, अर्ध्या इंचाचा, घरी इंजिन बांधायचंय. "साहेबांनी काही चिठ्ठी दिलीय का?" म्हटलं, साहेबांना डावा-उजवा पेच कळत नाही. तुमच्या पोराबद्दल परक्या माणसाकडे असं बोलायला नको होतं, पण ते खरं आहे.

आधी त्याने ट्रकवाल्यांचा पाना काढला, माझ्या हाताएवढा लांब. शंभरापासून पाचशेपर्यंत. "घेऊन टाका, सगळ्याला चालेल." मला हवेत एकशे दहा. म्हणजे पट्टीच्या अगदी टोकाचा आकडा, आणि टोकाला कुठलाच पाना नीट सांगत नाही. आपलं माप पट्टीच्या मध्यावर यायला हवं. एवढं म्हटल्यावर त्याने ट्रकवाला पाना आत ठेवला आणि मला बसायला स्टूल दिलं.

मग आकडे दाखवणारा काढला, सेलवर चालणारा. हिरवा दिवा, लाल दिवा, वर शिटी. छान होता. पण आपल्या घरात टीव्हीच्या रिमोटचे सेल भिंतीवरच्या घड्याळात जातात आणि घड्याळाचे टॉर्चमध्ये. ऐन वेळी हेडवर वाकल्यावर पान्याचे सेल तुमच्या टॉर्चमध्ये सापडले असते.

मग टक् वाजणारा, माझ्या जुन्यासारखाच. हातात घेतला तर मन लगेच तिकडे गेलं. तीन वर्षांची सवय आहे. डोळे मिटूनही ओढता येतो, अडचणीच्या जागी तोच सोपा. दुकानदार म्हणाला, "हाच न्या. काम झालं की आकडा शून्याजवळ आणून ठेवायचा, वर्षातून एकदा तपासून घ्यायचा, पाण्या-तेलात बुडवायचा नाही." शेवटचं वाक्य त्याने सहज म्हटलं. मी पाना काउंटरवर ठेवला.

मी विचारलं, काट्याचा आहे का? तो हसला. "तो आता कोण नेतं ताई? जुन्या लोकांचा माल." तरी माळ्यावर चढून काढून आणला, धूळ पुसली. तुम्ही बघितलाय का कधी, माहीत नाही. जाड दांडा असतो, त्याच्या अंगाला एक सडपातळ काटा, आणि मुठीजवळ आकड्यांची पट्टी. ओढलं की दांडा वाकतो, काटा जागेवर राहतो आणि पट्टीवर जोर दिसतो. आत स्प्रिंग नाही, गोट्या नाहीत, ग्रीस नाही. पोटच नाही त्याला. मोकळा धरला तर काटा शून्यावर आहे की नाही एवढंच बघायचं. होता.

त्याची खोटही सांगते. काटा अगदी समोरून वाचावा लागतो, तिरपं बघितलं तर आकडा फसवतो. ओढणाऱ्याला मागच्या बोल्टांवर पट्टी दिसतच नाही. दुसरं माणूस लागतं.

तरी तोच घेतला. दुकानदार म्हणाला, "पस्तावाल." का घेतला ते आज लिहीत नाही.

धनश्री

पाथर्डी, २० सप्टेंबर

मामा,

जीप चालू झाली. आधी तेवढं लिहिते, म्हणजे तुमचा जीव खाली पडेल. मग बाकीचं वाचा.

आज सकाळी हेड चढवलं. तुमचं पोरगं सुट्टी काढून आलं होतं, जड बाजू त्याने उचलली आणि लगेच हात धुतले. नवं गॅस्केट, नवे दहा बोल्ट. प्रश्न काटा वाचायचा होता. तुमचं पोरगं मोबाइलमध्ये फोटो काढत होतं, म्हणून मी आत्याबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला आकडं कुटं येत्यात?" मी माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि पट्टीवर एकशे दहाच्या खुणेवर चिकटवली. म्हटलं, काटा टिकलीवर आला की 'आला' म्हणा. बाकी काही बघू नका.

तीन फेऱ्यांत आवळायचं होतं. चाळीसला एक टिकली, ऐंशीला एक, एकशे दहाला एक. मधल्या बोल्टापासून सुरू करून कडेला जायचं, भाकरी थापताना जातो तसं. हे मी आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग ह्यात शिकायचं काय हुतं एवढं?" मी ओढायचं, त्यांनी पट्टीवर नाक टेकवून बघायचं. "आला. आला. थांब, गेला की वर, सोड." तीस वेळा. एकदाही चुकल्या नाहीत. शेवटच्या बोल्टाला त्यांनी मला थांबवून पदराने पट्टी पुसली.

मग पाना पोत्यावर ठेवला आणि त्या सहज बोलून गेल्या, "तुजा आदीचा पाना त्येंनी दोनदा धुतला हुता. म्या इचारलं, येकदा बास की. म्हनले, कंपनीतला हाय, कसर ऱ्हाया नगं. सूनबाईचं हत्यार हाय, मधी ठेवायचं."

मी गाडीखाली गेले. गाडीखाली काही काम नव्हतं.

मामा, दहा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ते खोटं आहे. मी दारात उभी होते, नैवेद्याचं ताट घेऊन. मी सगळं बघितलं. परात, डिझेल, तुमचे हात. धुऊन झाल्यावर पोत्यावर तुमचे मोठे पाने मांडलेत, कडेला पक्कड, हातोडा, जॅक. आणि मध्ये माझा पाना. त्याला तुम्ही हळद-कुंकू लावलंत आणि झेंडूचं मोठं फूल त्याच्यावर ठेवलंत. तुमच्या पान्यांवर लहान फुलं होती.

खोक्यात एक कागद यायचा. त्यावर ठळक लिहिलं होतं, कुठल्याही तेलात किंवा द्रावणात बुडवू नये. मला तो कागद पाठ होता. कंपनीत नव्या मुलींना मीच तो वाचून दाखवायचे. दारात उभी असताना मला तो शब्दाशब्दाने आठवला. तरी मी गप्प राहिले. या घरात आल्यापासून तीन खंडेनवम्या माझा पाना ट्रंकेत राहिला होता. चौथ्या वर्षी तुम्ही तो स्वतः काढून, न विचारता, तुमच्या हत्यारांच्या मध्ये ठेवलात. त्या वेळी मी 'मामा, तो खराब होईल' म्हटलं असतं, तर तुम्ही तो उचलून बाजूला ठेवला असता आणि पुन्हा कधी मध्ये ठेवला नसता. मला तो तिथंच हवा होता. मला फार आनंद झाला होता, मामा. एवढं साधं आहे ते.

आणि नोव्हेंबरात तोच पाना मी हेडला लावला. तपासला नाही. तपासला असता आणि बिघडलेला निघाला असता, तर का बिघडला ते तुम्हाला सांगावं लागलं असतं. म्हणून तो बरोबरच आहे असं मी धरून चालले. घाटात वाफ निघाली तेव्हा मनात पहिल्यांदा परातच आली होती. तोंडातून मात्र तुमचं नाव निघालं.

माफी मागते. तुम्ही द्या, देऊ नका. पण या माफीत टॉर्क पान्याची माफी धरू नका. मनगटाच्या अंदाजाने हेड आवळायला मी अजूनही तयार नाही आणि कधी होणार नाही. पाना खोटा निघाला म्हणून मोजणं खोटं होत नाही. मोजलं म्हणूनच कळलं की तुम्ही खरे होतात.

तिसऱ्या सेल्फला इंजिन उठलं. आवाज तुम्हाला माहीत आहे. शेळी दावं तोडून पळाली.

धनश्री

पाथर्डी, २२ सप्टेंबर, घटस्थापना

मामा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही.

सकाळी आत्याबाईंनी घट बसवला आणि पाठोपाठ भंगारवाला दारात. सोबत ओढून न्यायला ट्रॅक्टर. मी म्हटलं, गाडी मामांची आहे, मी अडवणारी कोण, घेऊन जा. आणि किल्ली फिरवली. तो इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिला, मग बोनेटवर हात ठेवून बघितला, मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "चल. चालती गाडी तोडायचं पाप घटाच्या दिशी मला नगं." जाताना विचारून गेला, कोणत्या मिस्तरीने बांधली. आत्याबाई आतून म्हणाल्या, "आमी दोगींनी."

तो पुन्हा येईल, तुम्ही सांगाल तर. कागद तुमच्याकडेच आहेत. पण आता तुम्हाला चालू गाडी भंगारात द्यावी लागेल, आणि ती तुमच्या हाताने होणार नाही, हे मला माहीत आहे. हा डाव आहे असं म्हणा. आहेच.

आता मी निघते. सरळ रस्ता सोडून करंजी घाटातून येणार आहे, नगर, मिरजगाव करत. लांब पडतं, पण जिथं बंद पडली तिथूनच तिला चालवत आणायची आहे. तिथे मध्येच, ज्या वळणावर आपण उभे होतो, तिथे दोन मिनिटं थांबून पाणी बघेन. लोकांनी बघितलं तर बघू देत.

आत्याबाई घट सोडून येत नाहीत. त्यांनी तुमच्यासाठी धुतलेली टोपी दिली आहे. आधीच्या टोपीत माझी पत्रं आहेत म्हणे, जागा उरली नसेल.

नवा पाना सोबत आहे. तो का घेतला, ते आता सांगते. पुढच्या बुधवारी खंडेनवमी. परात घरी आहे, डिझेल आहे. हा पाना तुम्ही हवा तेवढा बुडवा, दोनदा बुडवा, रात्रभर ठेवा. त्याला काही होत नाही. नगरच्या दुकानात चार पाने समोर होते आणि मी एवढंच बघत होते, की यातला कोणता तुमच्या हातचं धुणं सोसेल. फक्त टिकल्या तेवढ्या जपा.

हत्यारं तुमची आहेत, मांडायची तुम्हीच. मी मांडणार नाही आणि तुमच्या पोराला मांडू देणार नाही. तुम्ही आला नाहीत तर यंदा पोतं रिकामं राहील.

दारात आल्यावर मी काही बोलणार नाही. तुम्हाला ऐकू येत नाही ना. पत्र हातात देईन आणि वाचून होईपर्यंत बोनेट उघडून उभी राहीन.

हेड नवं बसवलं की एकदा गाडी चांगली पळवून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे असतात. तो शेवटचा फेरा मी मुद्दाम ठेवलाय. पाथर्डी ते कर्जत एवढं पळणं पुरे. इंजिन थंड व्हायला सकाळ उजाडेल, तोवर वन्संकडे मुक्कामाला आहे, त्यांना सांगा एक भाकरी जास्त टाका. सकाळी पाना तुम्ही ओढायचा. पट्टीसमोर मी बसेन. काटा टिकलीवर आला की मी 'आला' म्हणेन.

ते तुम्हाला ऐकू येईल.

धनश्री